हिरव्या शिबिरातली गोरी सून

आमच्या यांना क्लबचं सेक्रेटरीपद मिळालं त्या दिवशी घरात पेढे आले आणि माझ्या कपाळावर आठी. क्लब म्हणजे पत्त्यांचा नव्हे, समाजसेवेचा. पण संसारातल्या बाईला दोन्ही सारखेच. नवरा सुट्टीच्या दिवशी घरी नसतो, एवढंच तिला कळतं. पुढे मीच त्या क्लबात इतकी गुंतले की रविवारचा स्वयंपाक कोण करणार हे यांना विचारावं लागायचं, ती गोष्ट वेगळी.

सत्तरीच्या दशकातली ही हकीकत. नागपूरच्या प्रताप नगरात तेव्हा घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त. अंगणात उभं राहिलं की समोर विटांचे ढीग आणि त्यांवर चढलेल्या बकऱ्या दिसत. रविवारी सकाळी जवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये क्लबची सभा भरायची. वकील, डॉक्टर, प्राध्यापक, दुकानदार आणि आमच्या यांच्यासारखे बँकेतले नोकरदार असे सगळे जमत. टेबलावर एक पितळी घंटा असे. घंटा वाजल्यानंतर जो येईल त्यानं सगळ्यांना चहा द्यायचा, असा नियम होता. त्यामुळे ऑफिसला रोज उशिरा जाणारी माणसं सभेला मात्र घंटेच्या आधी हजर असत. चहा देण्यात त्यांना एवढा कसला कमीपणा वाटे कोण जाणे. घरी आम्ही दिवसभर दुसरं काय करत होतो?

उन्हाळ्यात क्लबची पाणपोई असायची. नागपूरच्या उन्हात पाणपोई घालणं हे खरंच पुण्याचं काम, पण आमच्या लोकांना पुण्याआधी उद्घाटन लागे. एका वर्षी माठ भरून तयार, वाळा घातलेलं गार पाणी, रिबन बांधलेली, आणि पाहुण्यांचा पत्ता नाही. सगळे घाम पुसत उभे. तेवढ्यात एक रिक्षावाला आला, रिबनीखालून वाकला, ओगराळ्यानं पोटभर पाणी प्यायला आणि तोंड पुसत म्हणाला, "गोड आहे गा पाणी." आणि गेला. मागाहून आलेल्या पाहुण्यांनी अर्धा तास भाषण केलं, पण माझ्या मते उद्घाटन त्या रिक्षावाल्याच्याच हातून झालं होतं.

आमच्या क्लबचे अध्यक्ष इतवारीतले कापडाचे व्यापारी. माणूस मनानं फार मोठा, कुणाला नाही म्हणणं त्यांना जमायचंच नाही. पण त्यांना एक वेड होतं. सगळं एकसारखं दिसलं पाहिजे. पाणपोईला त्यांनी केशरी पट्ट्यांचं कापड दिलं तेव्हा माठांवरची फडकी त्याचीच, मांडवाची झालर त्याचीच, आणि पाणी देणाऱ्यांच्या टोप्याही त्याच्याच. लांबून बघणाऱ्याला माठ कोणता आणि सभासद कोणता ते कळायचं नाही. एकच तागा उलगडून सगळ्यांना नेसवला की त्यांच्या दृष्टीनं निम्मी समाजसेवा झाली.

क्लबला महिला विभागही होता. महिला विभाग म्हणजे पुरुषांनी ठरवलेल्या कार्यक्रमाचा स्वयंपाक. त्याच्या प्रमुख होत्या आमच्या समोरच्या घरातल्या वकिलीणबाई. कामाला वाघीण, हाताला चव, आवाज खणखणीत. रंगानं लख्ख गोऱ्या, आणि हे त्या स्वतः कधी विसरत नसत. मी सावळीसुद्धा नाही, चांगली काळी. लग्न होऊन या घरात आले त्याच आठवड्यात त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या होत्या, "हळद नीट लागली नाही वाटतं!" मी तोंड बंद ठेवलं, पण पोळी मात्र करपवली.

आता मुद्द्याचं सांगते. आमच्या घरात माझ्या सासूबाई होत्या. गावाकडच्या, शेतीतल्या, तोंडानं फटकळ. आमचं लग्न ठरलं तेव्हा त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. उजेड आणि अंधार, हलणारी सावली, एवढंच कळायचं. मुलगी पाहायला यांचे मामा आले होते. परत गेल्यावर बहिणीनं, म्हणजे सासूबाईंनी, विचारलं, पोरगी कशी आहे? मामा म्हणाले, "गोरीपान आहे." का म्हणाले ते मामाच जाणोत. लग्न मोडू नये म्हणून म्हणाले असतील, किंवा आंधळ्या बहिणीला बरं वाटावं म्हणून. आमच्या यांनी तेव्हाही काही सांगितलं नाही आणि नंतरही नाही. दुनियेची सेवा करणारा माणूस आईसमोर तोंड उघडायला घाबरायचा.

आणि सासूबाई तर आल्यागेल्याला सांगत सुटल्या. "माही सून गोरी आहे वं. केतकीवानी. अंधारात उभी राह्यली तं उजेड पडते." ऐकणारी बाई माझ्याकडे बघायची, मी चुलीकडे बघायची, आणि तेवढ्यात फोडणी करपायची. वकिलीणबाई तर मुद्दाम विचारत, "मावशी, सून कशी आहे हो तुमची?" मग सासूबाईंची केतकी पुन्हा फुलायची, आणि वकिलीणबाई पदरात हसत घरी जायच्या. राग मला यायचा, पण सासूबाईंचा नाही.

कारण त्यांनी माझ्यावर जी माया केली ती माझ्या आईनंही केली नव्हती. आई बिचारी पोरांच्या रगाड्यात बुडालेली. या मात्र रविवारी मला पुढ्यात बसवून चाचपत चाचपत केसांना तेल लावायच्या. ताटातलं काय संपलं ते त्यांना वाटीच्या आवाजावरून कळायचं आणि माझ्यासाठी भाजी मागे ठेवायच्या. मी त्यांना पाणी द्यायचे तेव्हा आधी पेल्याचं बूड त्यांच्या मनगटाला हळूच टेकवायचे, म्हणजे पेला कुठे आहे ते त्यांना कळे. आमच्या दोघींची ती खूणच झाली होती. बोलायची गरज नाही, पेला टेकला की हात पुढे.

माझी भीती एकच होती, आणि ती मी कुणालाही सांगितली नव्हती. ही सगळी माया मामांनी सांगितलेल्या त्या गोऱ्यापान मुलीवर आहे. ती मुलगी या घरात कधी आलीच नाही. ज्या दिवशी सासूबाईंना दिसेल, त्या दिवशी काय?

आणि त्याच हिवाळ्यात क्लबनं मोतीबिंदूचं शिबिर ठरवलं.

शहराबाहेरचं बेसा तेव्हा खेडंच होतं. त्या बाजूच्या एका शाळेचे वर्ग सुट्टीत मिळाले. क्लबातले डोळ्यांचे डॉक्टर शस्त्रक्रिया करणार होते. हे आणि प्राध्यापक जीपवर भोंगा लावून गावोगाव फिरले आणि मोतीबिंदू पिकलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना गोळा करून आणलं. फक्त घरातला मोतीबिंदू जागचा हलेना. "पोरायच्या क्लबात डोळा फोडून घ्याले मी काय येडी आहे?" सासूबाई म्हणाल्या. अध्यक्ष स्वतः येऊन बसले, आमच्या यांनी हात जोडले, डॉक्टरांनी समजावलं. त्या म्हणाल्या, "माह्यं काही अडून नाही राह्यलं." सभेत सगळे यांना चिडवू लागले की सेक्रेटरीच्या दिव्याखालीच अंधार. हे घरी येऊन माझ्यावर चिडत. मला तर मनातून हायसं वाटे, आणि हायसं वाटलं म्हणून स्वतःचाच संताप येई.

मग एका दुपारी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. मला त्रास नको म्हणून चहा स्वतः करायला सासूबाई स्टोव्हपाशी गेल्या आणि पदर पेटला. मी धावले, हातानंच विझवला. फार काही झालं नाही, लुगड्याला भोक पडलं आणि माझा तळवा थोडा पोळला. पण माझं डोकं फिरलं. म्हटलं, "आई, बस झालं. उद्या शिबिराला चलायचं. नाही म्हणायचं नाही." मी आवाज चढवलेला त्यांनी पहिल्यांदाच ऐकला असेल. त्या माझा पोळलेला हात चाचपत बसल्या. फुंकर घातली. मग म्हणाल्या, "चाल. तुह्यं तोंड तं पाहीन एकडाव. किती दिस नुसतं सांगत राहू लोकाईले."

मी हो म्हटलं. अजून काय म्हणणार?

शिबिराला गेलो आणि बघते तर सगळी शाळा हिरवी. डॉक्टर सभेत सहज बोलून गेले होते की हिरवा रंग डोळ्यांना थंड असतो. अध्यक्षांना तेवढं पुरलं. चादरी हिरव्या, उशांचे अभ्रे हिरवे, खिडक्यांना हिरवे पडदे. पेशंटांना हिरवे सदरे आणि हिरव्या टोप्या. आणि महिला विभागाला एकाच ताग्यातल्या हिरव्या साड्या. डॉक्टर कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो, यांच्या डोळ्यांना पट्ट्या आहेत! थंड वाटणार कुणाला?" अध्यक्ष म्हणाले, "बघणाऱ्याला वाटेल ना!"

बघणाऱ्याला काय वाटलं ते दुसऱ्याच दिवशी कळलं. शस्त्रक्रिया झालेले सगळे उताणे, डोक्याला दोन्ही बाजूंनी वाळूच्या पिशव्या, डोळ्यांवर पांढरी पट्टी, टोपी कानापर्यंत, अंगात हिरवा सदरा. घरून डबे घेऊन आलेल्या नातेवाइकांना आपला म्हातारा कोणता तेच ओळखू येईना. एक मुलगा वांग्याची भाजी आणि भाकरी घेऊन आला. खाटेशी बसून त्यानं बापाला घास घास करून भरवलं, तोंड पुसलं. डबा रिकामा झाल्यावर म्हातारा म्हणाला, "भाजी मस्त होती. पण तू कोण होय गा?" मुलगा ओरडला, "आधी काहून नाही इचारलं?" म्हातारा शांतपणे म्हणाला, "आधी इचारलं असतं तं तू भरवलं असतं काय?" तोवर खरा बाप दुसऱ्या वर्गात उपाशी बोंबलत होता.

अध्यक्षांचा चेहरा एवढासा झाला. पण तोडगा काढला तो नातेवाइकांनीच. ज्यानं त्यानं आपल्या घरची काही वस्तू खाटेच्या पायाला बांधली. कुणी चपलेचा जोड, कुणी तंबाखूची चंची, एकानं तर बैलाच्या गळ्यातली घंटा आणून बांधली. त्या खाटेवरचा म्हातारा कूस बदलायला गेला की घंटा वाजायची आणि सगळा वर्ग ओरडायचा, "हलू नको गा बाप्पा!" सभेतल्या पितळी घंटेला एवढा मान कधी मिळाला नव्हता. सासूबाईंच्या खाटेला मी माझ्या जुन्या लुगड्याचा लाल काठ बांधला. त्या पडल्या पडल्या कुरकुरायच्या, "जिवंतपणीच मढ्यावानी निजवलं मले," आणि शेजारच्या खाटेवरच्या आजींना सांगायच्या, "पट्टी निघू दे, मंग दाखवतो तुले माही सून. गोरी आहे." त्या आजींच्याही डोळ्यावर पट्टी होती, म्हणून निभावलं.

खरं सांगते, ते दिवस फार आनंदाचे होते. घंटेनंतर चहा द्यायला लाजणारे वकीलसाहेब तिथे धोतर खोचून भांडी धरत. प्राध्यापक म्हाताऱ्यांचे पाय चेपत आणि त्यांच्याकडून शिव्या शिकत. वकिलीणबाई आणि मी एकाच पातेल्यावर गोळाभाताचे बेसनाचे गोळे वळायचो. एकदा त्यांनी माझा पोळलेला तळवा पाहिला, हातातलं पीठ काढून घेतलं आणि म्हणाल्या, "तू बस. मी वळते." टोमणे मारणारी बाई अशी मधेच चांगली वागली की मोठी पंचाईत होते. रागावताही येत नाही.

पट्टी काढायचा दिवस आला. सगळे सभासद सहकुटुंब हजर, फोटोवाला हजर. आणि अध्यक्षांच्या डोक्यातून पुन्हा एक कल्पना निघाली. सेक्रेटरीच्या आईची पट्टी सगळ्यांसमोर काढायची, महिला विभागानं समोर रांगेत उभं राहायचं, आणि मावशींनी आपली सून ओळखायची. फोटो काय सुंदर येईल! मी यांच्याकडे पाहिलं. यांनी बुटाकडे पाहिलं. मी म्हटलं, मला भाताकडे बघायचंय, आणि मागे पातेल्यापाशी जाऊन उभी राहिले.

डॉक्टरांनी पट्टी सोडली. जाड भिंगाचा चष्मा डोळ्यांवर चढवला. सासूबाईंनी शस्त्रक्रिया झालेल्या एका डोळ्याची उघडझाप केली, पाणी आलं, पुसलं. मग रांगेकडे बघू लागल्या. एकसारख्या हिरव्या साड्या, एकसारखे हसरे चेहरे. पहिल्याच वकिलीणबाई, लख्ख, झळझळीत. सासूबाईंची नजर त्यांच्यावर थांबली. रांगेत कुणी तरी खुदकन हसलं. मला वाटलं, आता त्या वकिलीणबाईंच्या तोंडावरून हात फिरवणार, आणि इथल्या इथे जमीन फाटली तर बरं.

पण त्यांनी कपाळ आवळलं आणि म्हणाल्या, "घसा सुकला. पाणी द्या वं कोणी."

"पाणी आणा, पाणी!" अध्यक्ष ओरडले. फोटोवाला म्हणाला, "हलू नका!" रांग हलली नाही. माठ माझ्याजवळ होता. मी पेला भरला, गेले, आणि रोजच्या सवयीनं त्यांच्या मनगटाला टेकवला. त्यांना आता दिसत होतं, तरी टेकवला.

त्यांनी पेला घेतला नाही. माझं मनगट पकडलं.

"हे होय," त्या म्हणाल्या. "हे माही सून."

आणि मान वर करून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. भिंगामागे तो एक डोळा केवढा मोठा दिसत होता. कपाळ, नाक, हनुवटी, सगळं सावकाश पाहिलं. मी खाली बघावं तर बघवेना.

"मग मावशी?" वकिलीणबाईंचा खणखणीत आवाज आला. "कशी आहे सून? सांगत होत्या तशीच आहे ना?"

सासूबाईंनी चष्मा नाकावर नीट बसवला. "तशीच आहे," त्या तितक्याच मोठ्यानं म्हणाल्या. "गोरीपान. काहून, तुले नाही दिसून राह्यलं काय? डाक्टर, या बाईचंबी नाव टाका गा पुढच्या शिबिरात. इचा मोतीबिंदू पिकला वाटते."

मग डॉक्टरांना हसू फुटलं, त्यांच्यामागून साऱ्या शाळेला. घंटेवाला म्हातारा हसला तशी त्याची घंटा वाजली. आणि सगळ्यात मोठ्यानं हसल्या त्या वकिलीणबाई. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, मला एक धपका घातला आणि म्हणाल्या, "जिंकलीस बाई!" मी मात्र रडत होते. फोटोत तेवढी मीच वाकडं तोंड करून उभी आहे.

परत येताना जीपमध्ये मी त्यांच्या शेजारी बसले. दुपारचं ऊन आत येत होतं. त्यांनी माझा हात आपल्या मांडीवर ओढला आणि स्वतःचा हात त्याच्या शेजारी ठेवला. दोन्ही हातांचा रंग एकच होता. इतकी वर्षं ते मी रोज बघत होते, पण माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

"आई," मी म्हटलं, "मी गोरी नाही."

"दिसते मले. आता दिसते."

"मग सगळ्यांसमोर कशाला म्हणालात?"

त्यांनी मान बाहेर वळवली. तुरीची शेतं होती, ती बघून घेत होत्या. मग म्हणाल्या, "मी सासरी आली नं, तं माह्या सासूनं उंबरठ्यावरच मले काळी म्हणलं. सारी जिंदगी तेच आयकलं. मले कोणी एक दिवस गोरी म्हणलं नाही. मी तुले म्हणतो, तं आयकून घे नं वं. काहून भांडून राह्यली?"

मी ऐकून घेतलं. त्यानंतर त्या असेपर्यंत घरी येणाऱ्या प्रत्येकाला, भिंगाचा चष्मा नीट सरकवून, माझ्याकडे बघत त्या सांगायच्या की माझी सून गोरी आहे. मी चुलीपाशी उभी राहून ऐकायचे, आणि माझी फोडणी पुन्हा कधी करपली नाही.